मेरी ॲन डिझरायली : एका मुत्सद्द्याची सहधर्मचारिणी

इतिहासाच्या तासाला डिझरायलीचे नाव आपण ऐकलेले असते. व्हिक्टोरिया राणीला १८७६ साली हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळवून देणारा, सुएझ कालव्याचे भाग विकत घेणारा, ग्लॅडस्टनचा हाडवैरी असा हा इंग्लंडचा पंतप्रधान. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण हा माणूस रात्री दोन-तीन वाजता पार्लमेंटातून घरी येई तेव्हा दार कोण उघडी, त्याच्या कर्जाचे हप्ते कोण भरी, इतकेच काय त्याचे केस कोण कापी, हे क्रमिक पुस्तकांत नसते. ही सारी कामे एकच बाई करीत असे. तिचे नाव मेरी ॲन.

मेरी ॲन इव्हान्सचा जन्म १७९२ साली डेव्हनमधला. वडील आरमारात अधिकारी होते. ती अगदी लहान असतानाच ते वारले. शिक्षण बेताचे झाले. इतके बेताचे, की ग्रीक आधी झाले की रोमन, हे आपल्याला कधीच लक्षात राहत नाही असे ती म्हणे, अशी आख्यायिका लंडनच्या दिवाणखान्यांतून पुढे कित्येक वर्षे चघळली गेली. १८१५ साली तिचे लग्न विंडहॅम लुईस या वेल्समधील सधन गृहस्थाशी झाले. लोखंडाच्या मोठ्या कारखान्यात त्याची भागीदारी होती आणि पुढे तो पार्लमेंटचा सभासद झाला. लंडनला हाईड पार्कसमोर ग्रोव्हनर गेट येथे त्यांनी घर घेतले आणि बाईंच्या मेजवान्या सुरू झाल्या. भडक कपडे, अखंड बडबड, मनात येईल ते बोलून टाकणे, यामुळे लोक तिला हसत. पण आमंत्रण आले की जातही असत.

१८३२ साली अशाच एका समारंभात तरुण कादंबरीकार बेंजामिन डिझरायलीची आणि तिची ओळख झाली. त्याचे पहिले मत काही फारसे चांगले नव्हते. बाई नखरेल आणि बोलघेवडी आहे असे त्याने आपल्या बहिणीला कळवले होते. पाच वर्षांनी, १८३७ च्या निवडणुकीत, लुईस आणि डिझरायली हे दोघे मेडस्टोन मतदारसंघातून बरोबरच निवडून आले. अनेक पराभवांनंतर डिझरायलीला मिळालेली ही पहिली जागा. दुसऱ्याच वर्षी, मार्च १८३८ मध्ये, लुईस अचानक वारला. पत्नीला त्याने ग्रोव्हनर गेटचे घर आणि वर्षाला सुमारे ५,००० पौंडांचे उत्पन्न ठेवले, पण दोन्ही तिच्या हयातीपुरतेच. ही अट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

डिझरायली त्या वेळी कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता. श्रीमंत विधवेभोवती तो घिरट्या घालू लागला तेव्हा लोकांनी काय तर्क केले असतील हे सांगायला नको. आणि तो तर्क खोटा नव्हता! फेब्रुवारी १८३९ मध्ये तो लग्नाची घाई करू लागला, दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि तिने त्याला घराबाहेर काढले. त्यावर त्याने एक लांबलचक पत्र लिहिले. आरंभी आपल्या मनात प्रेम नव्हते, सोय होती, हे त्यात त्याने कबूल केले. पण पुढे मन गुंतले, असेही सांगितले. असल्या पत्राने कोणती स्त्री विरघळेल? मेरी ॲन विरघळली. मला वाटते, एवढा खरेपणा तिला तोपर्यंत कोणी दाखवलाच नसावा. २८ ऑगस्ट १८३९ रोजी लंडनला त्यांचे लग्न झाले. वर ३४ वर्षांचा, वधू ४६ वर्षांची.

लग्नानंतर लवकरच तिने एका कागदावर स्वतःच्या आणि नवऱ्याच्या स्वभावाची यादी समोरासमोर मांडली. तो शांत, ती उतावळी. तो गंभीर, ती आनंदी. त्याला राग येत नाही, तिला पटकन येतो. तो प्रतिभावान, ती मठ्ठ. मठ्ठ म्हणवणाऱ्या या बाईने घरखर्चाचा हिशेब मात्र पै-पैचा ठेवला. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या संसाराच्या आठवणी पुस्तकरूपाने दिल्या. मेरी ॲनने तसले पुस्तक लिहिले नाही; तिने हिशेबाच्या वह्या आणि जपून ठेवलेले कागद मागे ठेवले, आणि चरित्रकारांना त्यांतूनच तिचा संसार उभा करावा लागला.

तो संसार सरळ नव्हता. कर्जाचा खरा आकडा डिझरायलीने तिच्यापासून लपवून ठेवला होता. १८४१ साली श्रूजबरीच्या निवडणुकीत विरोधकांनी त्याच्या देण्यांची यादीच भिंतींवर चिकटवली, आणि ही बाई त्याच गावात नवऱ्यासाठी मते मागत हिंडत होती. तिने हजारो पौंड भरले, आणि तरीही नवनवी देणी निघतच राहिली. शिवाय डिझरायलीचा जीव आपल्या बहिणीवर, सारावर. बायकोला मत्सर वाटू नये म्हणून बहिणीची काही पत्रे तो क्लबच्या पत्त्यावर मागवी. १८४९ साली तर एकदा भांडण इतके विकोपाला गेले, की तो घर सोडून काही दिवस हॉटेलात जाऊन राहिला. पती-पत्नीच्या आदर्श प्रेमाची कथा म्हणून हे चरित्र सांगणारे ही पाने उलटून पुढे जातात. मला तसे करावेसे वाटत नाही.

दुसरे दुःख मूलबाळ नसल्याचे. दोन्ही लग्नांतून तिला अपत्य झाले नाही. १८४५ च्या सप्टेंबरात ती धावतपळत शार्लट रॉथशिल्ड या मैत्रिणीच्या घरी गेली आणि एक कागद तिच्या हातात दिला. ते मृत्युपत्र होते. नवरा आपल्या आधी गेला तर आपली स्वतःची चीजवस्तू मैत्रिणीच्या सहा वर्षांच्या मुलीला, एव्हलिनाला, मिळावी असे त्यात लिहिले होते. मैत्रीण संकोचली आणि तिने तो कागद परत केला. लोकांना हा प्रसंग हास्यास्पद वाटला. वाचताना मला मात्र हसू आले नाही.

१८४८ साली मित्रांच्या मदतीने बकिंगहॅमशायरमधील ह्यूएंडनची जहागीर विकत घेतली. पक्षाचा नेता होऊ पाहणाऱ्याला जमीनजुमला हवाच, हा त्या काळचा दंडक. नवरा लंडनला राजकारणात, तर ही मजुरांना हाताशी धरून बागेत पायवाटा काढी, झाडे लावी. पन्नाशी उलटलेली ही बाई उन्हापावसात दिवस दिवस तिथे उभी असे. १८६२ साली तिने सासऱ्यांच्या, ग्रंथकार आयझॅक डिझरायलींच्या, स्मरणार्थ जवळच्या टेकडीवर एक स्तंभ उभारला. नवऱ्याला तिने तो झाल्यावरच दाखवला.

घरात तिचा दंडक ठरलेला. ठरावीक आठवड्यांनी ती स्वतः त्याचे केस कापी, पिकू लागल्यावर रंगवीही, आणि कापलेले केस पुड्यांत बांधून, तारीख घालून ठेवी. पार्लमेंटची बैठक कितीही लांबो, दिवे लावून ती जागी असे. एका महत्त्वाच्या भाषणाला जाताना गाडीच्या दारात तिचे बोट चिरडले, पण नवऱ्याचे चित्त विचलित होऊ नये म्हणून तो उतरून जाईपर्यंत तिने हूं की चूं केले नाही, अशीही गोष्ट सांगतात. एप्रिल १८६७ मधली रात्र तर प्रसिद्धच आहे. मताधिकाराच्या विधेयकावर ग्लॅडस्टनचा पराभव करून डिझरायली बाहेर पडला तेव्हा पक्षाचे लोक त्याला कार्लटन क्लबात जेवायला नेऊ पाहत होते. तो सरळ घरी गेला. तिथे फोर्टनम अँड मेसनच्या दुकानातला पाय आणि शॅम्पेनची बाटली घेऊन पंचाहत्तरीला टेकलेली पत्नी वाट पाहत बसली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ती फार आजारी पडली. ग्लॅडस्टनने पार्लमेंटात तिच्याविषयी आपुलकीचे शब्द काढले तेव्हा डिझरायलीच्या डोळ्यांत पाणी आले. राजकारणात दोघे एकमेकांना पाण्यात पाहत, पण ग्लॅडस्टनला मेरी ॲन मनापासून आवडे. पाठोपाठ डिझरायलीही अंथरुणाला खिळला, आणि एकाच घरात दोन खोल्यांतून नवराबायकोची पेन्सिलने खरडलेली चिठ्ठीचपाटी सुरू झाली. त्या चिठ्ठ्याही तिने जपून ठेवल्या.

फेब्रुवारी १८६८ मध्ये तो पंतप्रधान झाला. तिने परराष्ट्र खात्याच्या नव्या इमारतीत मोठा स्वागतसमारंभ केला. वर्ष सरण्याआधीच मंत्रिमंडळ पडले. राणी डिझरायलीला उमरावपद देत होती. त्याने स्वतःसाठी ते घेतले नाही, पत्नीसाठी मागितले. ती व्हायकाउंटेस बीकन्सफील्ड झाली आणि तो साधा मिस्टर डिझरायलीच राहिला. त्या बाईला किती आनंद झाला असेल!

पोटाच्या कर्करोगाने तिला ग्रासले होते. दोघांनाही ते ठाऊक होते, आणि दोघेही एकमेकांपासून ते लपवीत होते. तशा अवस्थेत एप्रिल १८७२ मध्ये ती त्याच्याबरोबर मँचेस्टरला गेली. तिथे तो तीन तासांहून अधिक बोलला. परतल्यावर तिने धावत जाऊन त्याला मिठी मारली. १५ डिसेंबर १८७२ रोजी ह्यूएंडनला ती वारली. वय ८० वर्षांचे होते.

तिच्या कागदांत एक पत्र निघाले, १८५६ साली लिहून ठेवलेले. आपल्या दोघांना एकाच थडग्यात पुरावे, आणि मी आधी गेले तर तुम्ही एकटे राहू नये, जीव लावणारे कोणी शोधावे, असा त्याचा आशय होता. तारखा घातलेल्या केसांच्या पुड्याही तिथेच सापडल्या.

मघाची अट आता आठवावी. मेरी ॲन गेली त्याबरोबर ग्रोव्हनर गेटचे घर गेले आणि ५,००० पौंडांचे उत्पन्नही गेले. ६८ वर्षांच्या डिझरायलीने लंडनला हॉटेलात बिऱ्हाड केले. १८७४ साली तो पुन्हा पंतप्रधान झाला, या वेळी भक्कम बहुमताने. पण दिवे लावून वाट पाहणारे घर आता नव्हते. पुन्हा लग्न त्याने केले नाही. पत्रांना काळ्या काठाचा कागद तो अखेरपर्यंत वापरीत राहिला. एप्रिल १८८१ मध्ये तो वारला तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबीत सरकारी इतमामाने दफन करण्याची तयारी ग्लॅडस्टनने दाखवली. मृत्युपत्रात निराळेच लिहिले होते. त्याप्रमाणे ह्यूएंडनच्या लहानशा चर्चमध्ये मेरी ॲनशेजारी त्याला पुरण्यात आले.