मेंदूच्या तळाशी : हार्वे कुशिंग

वार्षिकांकासाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे म्हटले की आपल्यासमोर कोणती नावे येतात हे सर्वांना ठाऊक आहे. मीही प्रथम तीच यादी घेऊन बसलो होतो. शेवटी लिहिले ते मात्र एका अमेरिकन शस्त्रवैद्यावर. मराठी वाङ्मय आणि इतिहास घेतलेल्या विद्यार्थ्याने मेंदूच्या शस्त्रक्रियेवर लिहावे हा अव्यापारेषु व्यापार आहे, हे मला मान्य आहे. त्याचे कारण घरचे आहे, ते आधी सांगून टाकतो.

माझा मावसभाऊ उमरेडला असतो. बारा वर्षांचा झाला आणि त्याची उंची वाढायची थांबली. वजन मात्र वाढत चालले. सारखे पाणी प्यायचा, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचा, वर्गात डुलक्या घ्यायचा, आणि जेवण होऊन तास झाला नाही तोच पुन्हा डबे धुंडाळायचा. मावशीने फडताळाला कुलूप लावले. शाळेत तो आळशी ठरला. घरात हावरट ठरला. मी त्याचे नाव ‘रांजण’ ठेवले, आणि सुट्टीत सगळी भावंडे त्याला त्याच नावाने हाका मारू लागली. दोन वर्षे असे चालले. मग तो दाराच्या चौकटींना खांदे आपटू लागला. चष्मा लागला असेल म्हणून काकांनी त्याला नागपूरला धंतोलीतल्या एका नेत्रतज्ज्ञांकडे आणले. त्यांनी चष्म्याचा नंबर काढण्यापूर्वी त्याला एका ठिपक्याकडे एकटक बघायला सांगून, बाजूने येणारा प्रकाश कुठवर दिसतो ते तपासले. दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू आंधळी झाली होती. त्याच आठवड्यात एम.आर.आय. झाला. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसला चिकटून एक गाठ होती.

दवाखान्याच्या बाकावर बसून वाट बघत असता, ही तपासणी एवढी महत्त्वाची कोणी ठरवली असे मी एका तरुण डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितलेल्या नावांत हार्वे कुशिंग हे नाव होते. पुढे ग्रंथालयात शोधू लागलो तो कळले की या गृहस्थांना १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते, आणि तेही वैद्यकासाठी नव्हे तर विल्यम ऑस्लर या आपल्या गुरुतुल्य डॉक्टरांचे चरित्र लिहिल्याबद्दल! तेव्हा माझा संकोच थोडा कमी झाला.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे डॉक्टर. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डला वैद्यक शिकायला गेले. तिथे विद्यार्थी असतानाच ईथरची भूल देण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि त्यांच्या हाताखाली एक रोगी दगावला. त्या काळी अशा गोष्टीचे कोणी फारसे मनावर घेत नसे. कुशिंग यांनी घेतले. कॉडमन या आपल्या सहाध्यायाबरोबर त्यांनी भूल चालू असताना रोग्याची नाडी आणि श्वास ठराविक वेळाने कागदावर मांडण्याची पद्धत सुरू केली. पुढे १९०१ साली इटलीत पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोचींचे रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले आणि ते अमेरिकेत नेऊन रोजच्या वापरात आणले. आज दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी जो तक्ता अडकवलेला असतो, त्याच्या जन्मकथेत त्या दगावलेल्या रोग्याचाही भाग आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेड यांच्या हाताखाली ते तयार झाले. मेंदूवर शस्त्रक्रिया करणे म्हणजे त्या काळी रोग्याला जवळजवळ निरोप देणेच होते. हॉल्स्टेड रक्त सांडू न देता, घाई न करता काम करीत. कुशिंग यांनी तीच शिस्त मेंदूकडे नेली. रक्तवाहिनी चिमटून बंद करणाऱ्या चांदीच्या बारीक चिमट्या त्यांनी १९११ मध्ये आणल्या. १९२६ मध्ये बोव्ही या तज्ज्ञाच्या मदतीने विजेच्या प्रवाहाने कापण्याची व रक्त थांबवण्याची पद्धत त्यांनी मेंदूत वापरली, आणि पूर्वी अर्ध्यावर सोडून दिलेल्या गाठी त्या रोग्यांना परत बोलावून काढल्या.

पण माझा विषय हायपोथॅलॅमस आहे, तेव्हा मागे येतो. हा मेंदूचा अगदी तळाचा भाग. वजन अवघे चार ग्रॅम. तिसरे विवर म्हणून मेंदूच्या मध्यभागी जी पाण्याची पोकळी आहे, तिच्या खालच्या भिंती आणि तळ याचेच. खाली देठाने लोंबणारी पिट्युटरी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पियुषिका ग्रंथी. समोर दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची फुली. भूक, तहान, झोप, शरीराची ऊब, वयात येणे, वाढ या सगळ्यांची सूत्रे या चिमुकल्या जागेत आहेत. म्हणूनच इथे बिघाड झाला की तो पुष्कळदा रोगासारखा दिसत नाही, माणसाच्या स्वभावासारखा दिसतो.

कुशिंग यांनाही तो आधी दिसला नाही. १९०१ च्या अखेरीस त्यांच्याकडे सुमारे चौदा वर्षांची एक मुलगी आली. डोके दुखे, दृष्टी मंदावत होती, अंग स्थूल झाले होते आणि वयात येण्याची चिन्हे नव्हती. त्यांनी गाठ शोधण्यासाठी कवटी उघडली, पण गाठ सापडली नाही. मुलगी गेली. शवविच्छेदनात पिट्युटरीच्या जागी द्रवाने भरलेली गाठ निघाली. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या फ्रोलिख यांनी अगदी अशाच लक्षणांचा एक मुलगा वर्णन करून त्याचा संबंध त्या जागेशी जोडला होता. हे फ्रोलिख कुशिंग यांच्या ओळखीचे. लिव्हरपूलला शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत दोघांची गाठ पडली होती. माझ्या समजुतीप्रमाणे कुशिंग यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामाचे मूळ या चुकलेल्या निदानात आहे. १९१२ साली त्यांनी पिट्युटरी आणि तिचे विकार यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात रोग्यांची उंची, वजन, छायाचित्रे, कवटीचे क्ष-किरण चित्र आणि दृष्टिक्षेत्राचे नकाशे आहेत. ज्या मुलाला आपण नुसता लठ्ठ म्हणून सोडून देतो, त्याला मोजायचे आणि त्याची दृष्टी बाजूने तपासायची, ही सवय अशा कामातून डॉक्टरांना लागली.

त्याच वर्षी ते बॉस्टनला गेले आणि तिथे वीस वर्षे राहिले. दरम्यान पहिल्या महायुद्धात आघाडीवर डोक्याच्या जखमांवर त्यांनी केलेले काम एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. स्वभावाने ते सोपे नव्हते. साहाय्यकांना टाकून बोलत, कामाचे श्रेय वाटताना हात आखडता घेत. पर्सिव्हल बेली आणि बेल्जियमहून आलेले ब्रेमर यांनी १९२१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की पिट्युटरीला धक्का न लावता फक्त हायपोथॅलॅमसमध्ये लहानशी इजा केली तरी प्राणी सारखा लघवी करतो आणि लठ्ठही होतो. म्हणजे गुरूने इतकी वर्षे ज्या ग्रंथीकडे बोट दाखवले, तिच्या वरच्या मजल्यावर खरा दोष असू शकतो! गुरूला हे पटायला वेळ लागला. तरी १९३२ साली त्यांनी जो लेखसंग्रह काढला, त्याच्या नावातच पिट्युटरीच्या जोडीला हायपोथॅलॅमस आला. माझ्या भावाला झालेल्या गाठीचे क्रेनिओफॅरिन्जिओमा हे नावही त्यांनीच त्याच सुमारास रूढ केले, आणि शस्त्रवैद्यापुढे याहून बिकट गाठ क्वचितच येते असे मत नोंदवले.

त्यांची एक गोष्ट मला विशेष वाटते. १९२७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने सर्कशीत जगातील सर्वांत कुरूप स्त्री म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मेरी अ‍ॅन बेव्हन या बाईचे छायाचित्र थट्टेने छापले. कुशिंग यांनी संपादकांना पत्र लिहून कळवले, की ही बाई पिट्युटरीच्या विकाराने आजारी आहे, आणि अशा दुखण्यावर हसणे शोभत नाही. ते वाचले त्या दिवशी मला ‘रांजण’ आठवला.

मनाने मात्र हा माणूस किती कठोर, ते १९२६ च्या जूनमधील प्रसंगावरून दिसते. थोरला मुलगा मोटार अपघातात गेल्याची बातमी सकाळी फोनवर आली. त्यांनी घरच्यांना कळवले आणि ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. हे मोठेपण की आणखी काही, यावर आमच्या वसतिगृहात वाद झाला आणि तो मिटला नाही.

१९३१ मध्ये त्यांनी दोन हजारावी तपासून खात्री केलेली गाठ काढली. या गाठींची टिपणे लुइस आयझेनहार्ट या बाईंनी ठेवली. त्या प्रथम कार्यालयीन साहाय्यक म्हणून आल्या, पुढे स्वतः वैद्यक शिकल्या आणि मेंदूच्या विकृतिशास्त्रात नामवंत झाल्या. कुशिंग यांच्या उमेदीच्या काळात असे निम्मे रोगी दगावत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आले.

आज माझ्या भावासारख्या रोग्याचे काय करतात? एम.आर.आय. मध्ये गाठ दिसते, सी.टी. मध्ये तिच्यातला चुना दिसतो. रक्तातील सोडियम, कॉर्टिसॉल, थायरॉईड आणि वाढीचे हार्मोन तपासतात. प्रत्येक गाठीला सुरी लागतेच असे नाही. आपल्या देशात ती क्षयाची असू शकते, तेव्हा क्षयाची औषधे देतात. जर्मिनोमा नावाची गाठ प्रामुख्याने किरणांनी विरघळते. शस्त्रक्रिया करायची तर पुष्कळदा नाकातून दुर्बीण घालून करतात. गंमत अशी की वरच्या ओठाखालून नाकाच्या मार्गाने जाण्याची रीत कुशिंग यांनी दोनशेहून अधिक वेळा वापरली आणि मग सोडून देऊन ते कवटी उघडू लागले. त्यांचे एडिंबराचे शिष्य नॉर्मन डॉट यांनी ती जपली. डॉट यांच्याकडून ती पॅरिसला गिओ यांच्याकडे आणि तिथून माँट्रिअलला हार्डी यांच्याकडे गेली. गुरूने टाकलेल्या वाटेनेच आज जग चालते आहे.

गाठ मुळापासून उपटण्याचा हट्टही आता कमी झाला आहे, कारण ओढाताणीत हायपोथॅलॅमस फाटला तर मूल जगते, पण त्याची भूक कधीच शमत नाही. म्हणून थोडी गाठ मागे ठेवून तिला किरण देतात. भावाचे तसेच केले. कॉर्टिसॉलची कमतरता आधी भरून मगच थायरॉईडची गोळी सुरू केली, कारण उलट क्रम जिवावर बेतू शकतो. कुशिंग यांच्या हयातीत कॉर्टिसोन औषध म्हणून उपलब्धच नव्हते. त्यांची शस्त्रक्रिया साधली तरी काही रोगी नंतर का मावळत, याचे एक उत्तर त्यात असावे.

आणि नागपूरपर्यंत हे आले कसे? वाइल्डर पेनफिल्ड यांनी तरुणपणी बॉस्टनला कुशिंग यांच्या हाताखाली उमेदवारी केली. माँट्रिअलला पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. माँट्रिअलहूनच डॉ. राम गिंडे मुंबईला आले. वेल्लोरला काम केलेले मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. जी. एम. ताओरी यांनी पुढे नागपुरात सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस उभे केले. बजाजनगरातल्या त्या इमारतीवरून मी रोज सायकलने जात होतो.

कुशिंग १९३३ मध्ये येलला परतले. अखेरची वर्षे जुने वैद्यकीय ग्रंथ जमवण्यात गेली. सिगारेट सुटली नाही, पायांतल्या रक्तवाहिन्या आखडल्या, आणि ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या तिसऱ्या विवरात, हायपोथॅलॅमसच्या शेजारी, सुमारे एक सेंटिमीटरची गाठ सापडली. ती तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

हा लेख भावाला वाचून दाखवला. तो आता एकोणीस वर्षांचा आहे, उंचीने माझ्या खांद्याला लागतो, आणि तहानेची गोळी वेळेवर घ्यावी म्हणून घड्याळाचा गजर लावतो. ‘रांजण’ हा शब्द राहू दे की काढू, असे मी विचारले. त्याने थोडा विचार करून राहू दे म्हटले, आणि कुशिंगच्या त्या पहिल्या मुलीचे नाव काय होते ते विचारले.