जबाबदारी सोपविणारा छत्रपती : थोरले शाहू महाराज

वयाची अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत नजरकैदेत काढलेला राजपुत्र राज्य कसे चालविणार, हा प्रश्न १७०७ मध्ये अनेक मराठा सरदारांच्या मनात होता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आलेल्या शाहूंना ना सैन्य होते, ना युद्धाचा अनुभव. महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला होता. खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांच्याकडे आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. मात्र धनाजींचे त्याच वर्षी निधन झाले आणि त्यांचे पुत्र चंद्रसेन जाधव पुढे शाहूंना सोडून गेले.

आपण रणांगणावरचे सेनानी नाही, याची शाहूंना जाण होती. त्यामुळे कर्तबगार माणूस हेरावा, त्याला काम आणि त्यासोबत अधिकारही द्यावा, ही रीत त्यांनी अंगीकारली. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावर पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्याच कैदेत पडले. शाहूंनी हे काम बाळाजी विश्वनाथांकडे दिले, पण त्याआधी नोव्हेंबर १७१३ मध्ये त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. वाटाघाटी करणाऱ्याच्या शब्दाला त्यामुळे वजन आले. बाळाजींनी लढाई टाळून १७१४ मध्ये तह घडविला आणि आंग्र्यांचे आरमार शाहूंच्या पक्षास मिळाले. याच बाळाजींनी १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. शाहूंच्या मातोश्री येसूबाईंची सुटकाही तेव्हाच झाली.

बाळाजींच्या मृत्यूनंतर १७२० मध्ये विशीही न गाठलेल्या बाजीरावाला पेशवेपद देण्याचा निर्णय घेण्यात आला, तेव्हा दरबारातील अनेक जुन्या मानकऱ्यांना तो रुचला नाही. उत्तरेकडील मोहिमांबाबत श्रीपतराव प्रतिनिधींचा विरोध होता. शाहूंनी दोन्ही बाजू ऐकल्या, कौल बाजीरावाच्या बाजूने दिला आणि मोहिमेची आखणी त्याच्यावरच सोपविली. १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाचा पराभव झाला आणि शाहूंच्या गादीवरचे मोठे संकट टळले.

ही पद्धत निर्दोष होती, असे नाही. १७३३ च्या जंजिरा मोहिमेत पेशवे, प्रतिनिधी आणि आंग्रे यांच्यात एकमेळ नव्हता. सर्वांना बांधून ठेवणारा एक प्रमुख नेमला गेला नाही. रायगड पुन्हा स्वराज्यात आला, जंजिरा मात्र सिद्दीकडेच राहिला. काम अनेकांत वाटताना अंतिम उत्तरदायी कोण, हे ठरविले नाही तर काय होते, याचा तो धडा होता.

तरीही अधिकार दिल्यावर शाहू उदासीन झाले नाहीत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले, तेव्हा शाहूंनी त्यांच्या मातोश्री उमाबाईंचे सांत्वन केले आणि सेनापतीपद त्याच घराण्यात यशवंतरावांना दिले. पेशवे नानासाहेब आणि रघूजी भोसले यांच्यात पूर्वेकडील मुलखावरून तंटा झाला, तेव्हा १७४३ मध्ये त्यांनी दोघांची कार्यक्षेत्रे आखून दिली; बंगाल आणि ओरिसा रघूजींकडे गेले. मोहीम कशी चालवावी, हे सरदाराने पाहावे आणि सरदारांतील वाद छत्रपतींनी मिटवावेत, अशी ही विभागणी होती. पेशव्यांच्या शिक्क्यावर शाहूंचे नाव असे आणि पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत.

या कारभाराचा खरा आधार शाहूंचा व्यक्तिगत शब्द होता, आणि हीच त्याची मर्यादा ठरली. त्यांना पुत्र नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले. दत्तक रामराजांकडे तसा अधिकार उरला नाही आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर राज्याची सूत्रे पेशव्यांकडे गेली. साताऱ्याची गादी मानाची राहिली, सत्तेची राहिली नाही.

शाहूंच्या कारकिर्दीत मराठी फौजा नर्मदेपलीकडे आणि बंगालपर्यंत पोहोचल्या. स्वतः फारसे साताऱ्याबाहेर न पडलेल्या राजाने हे साध्य केले, ते इतरांच्या पराक्रमाला वाव देऊन. मात्र सोपविलेल्या अधिकारावर देखरेख ठेवणारी व्यवस्था ते मागे ठेवू शकले नाहीत. माणसे निवडण्याइतकेच आपल्यामागे त्यांना एकत्र ठेवण्याची तजवीज करणे हेही नेतृत्वाचेच काम असते, हे त्यांचे चरित्र दाखवून देते.