मर्सेडीस : नांवामागील एक संतचरित्र

मर्सेडीस हें नांव ऐकतांच आमच्या बहुतेक वाचकांस एका किंमती मोटारगाडीची आठवण होईल. त्या गाडीस तें नांव एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या कन्येवरून मिळालें व १९०२ सालीं तें व्यापारचिन्ह म्हणून नोंदलें गेलें. परंतु स्पेन देशांत मुलींना हें नांव ठेवितात तें वैभवासाठीं नव्हे. त्याचा उगम पाहावयाचा तर संत पेद्रो नोलास्को यांच्या चरित्राकडे वळलें पाहिजे.

तेराव्या शतकाच्या आरंभीं भूमध्यसमुद्राच्या कांठीं ख्रिस्ती व मुसलमान राज्यांमध्यें युद्धें व चांचेगिरी चाले. दोन्ही पक्ष एकमेकांच्या माणसांस धरून गुलाम करीत. श्रीमंतांस त्यांचे आप्त पैसे भरून सोडवीत. गरिबांस मात्र कोणी वाली नसे. बार्सिलोना येथील पेद्रो यांनीं स्वतःचें धन वेंचून अशा बंदिवानांस सोडविण्यास आरंभ केला. धन सरलें, परंतु बंदिवान सरले नाहींत. तेव्हां त्यांनीं दारोदार भिक्षा मागितली.

१० ऑगस्ट १२१८ रोजीं, राजा जाइमे याच्या साह्यानें, त्यांनीं बार्सिलोना येथें एक धर्मसंघ स्थापिला. पवित्र मरियेनें दर्शन देऊन ही आज्ञा केली, अशी परंपरा आहे. १२३५ सालीं पोप नववे ग्रेगरी यांनीं संघास मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांस संघानें चौथें जोडिलें. पैसा अपुरा पडला आणि बंदिवानाची श्रद्धा ढळण्याचें भय असलें, तर त्याच्या जागीं स्वतः ओलीस राहावयाचें, हें तें व्रत होय. पेद्रो यांस १६२८ सालीं संतपद देण्यांत आलें.

या संघाच्या आश्रयदात्या मरियेस स्पॅनिश लोक ‘मारिया दे लास मेर्सेदेस’, म्हणजे कृपांची मरिया, म्हणूं लागले. २४ सप्टेंबर हा तिच्या सणाचा दिवस. हेंच नांव मुलींस ठेवीत व घरीं केवळ मेर्सेदेस म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मजुरी किंवा मोल असा होता. कृपा व दया हा अर्थ त्यास ख्रिस्ती लोकांनीं पुढें दिला. आमच्याकडील दया, करुणा या नांवांची ही जणूं दूरची बहीणच.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याच्या दुःखाची कींव सर्वांसच येते. त्याचें मोल स्वतः भरावयास जो सिद्ध होतो, त्याचीच दया खरी, असें आम्हांस या चरित्रावरून वाटतें.