फ्रँक लेस्ली : गाईच्या गव्हाणीत डोकावणारा संपादक

बाळाला वरचे दूध सुरू करायची वेळ आली की पालक बरेच प्रश्न विचारतात. गाईचे द्यायचे की म्हशीचे? पिशवीचे की सुटे? पाणी घालायचे का? ते जनावर काय खाते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. याच प्रश्नाने 1858 साली न्यूयॉर्क शहर हादरवून सोडले होते. तो मांडणारा माणूस डॉक्टर किंवा पशुवैद्य नव्हता. तो चित्रांचे एक साप्ताहिक चालवत होता.

त्याचे मूळ नाव हेन्री कार्टर. जन्म 29 मार्च 1821 चा, इंग्लंडमधल्या इप्स्विच गावचा. वडिलांचा हातमोजे बनवण्याचा धंदा होता आणि मुलाने व्यापारातच राहावे असे त्यांना वाटे. मुलाला वेड होते लाकडावर चित्रे कोरण्याचे. लंडनला नातेवाइकांच्या कापडाच्या पेढीवर काम करताना तो गुपचूप वर्तमानपत्रांना चित्रे पाठवू लागला. वडिलांना कळू नये म्हणून सही करायचा फ्रँक लेस्ली. पुढे हेच नाव त्याने कायदेशीररीत्या घेतले. 1842 साली सुरू झालेल्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये तो कोरीवकामाच्या विभागात होता. 1848 मध्ये तो अमेरिकेला गेला.

तेव्हा वर्तमानपत्रात छायाचित्र छापता येत नव्हते. कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उलटे चित्र कोरून त्याचा छाप घ्यावा लागे, आणि मोठ्या चित्राला एका कारागिराचे कित्येक दिवस जात. लेस्लीच्या छापखान्यात मोठा ठोकळा लहान तुकड्यांत वाटला जाई. प्रत्येक तुकडा वेगळा कारागीर कोरी आणि शेवटी तुकडे जोडले जात. त्यामुळे आठवड्याची बातमी त्याच आठवड्यात चित्रासह वाचकाच्या हाती पडू लागली. डिसेंबर 1855 मध्ये त्याने स्वतःच्या नावाचे सचित्र साप्ताहिक काढले. 1857 च्या आर्थिक मंदीत सगळ्याच धंद्यांना फटका बसला होता आणि त्यालाही खप वाढवणारा विषय हवा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण लेस्ली काही संत नव्हता. पण त्याने हात घातला तो विषय खरा निघाला.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे असत. शहर झपाट्याने वाढत होते, पण गावाकडून येणारे दूध महाग होते. शहरातल्या आणि शेजारच्या ब्रुकलिनमधल्या दारूभट्ट्यांना लागून गाईंचे मोठे गोठे उभे राहिले होते. धान्य आंबवून दारू काढली की खाली आंबट, पातळ चोथा उरतो. तो टाकायचा कुठे, ही भट्टीवाल्यांची अडचण होती. त्यावर उपाय निघाला तो असा : चोथा लाकडी पन्हळीतून वाफाळता असतानाच थेट गव्हाणीत सोडायचा. एका गोठ्यात शेकडो गाई. दावणी इतक्या अरुंद की वळायला जागा नाही. एकदा बांधलेली गाय सहसा मेल्यावरच बाहेर निघे. तिला ना कडबा, ना गवत, ना ऊन.

या दुधाबद्दल रॉबर्ट हार्टली नावाच्या समाजसेवकाने 1842 मध्येच सविस्तर पुस्तक लिहिले होते. तो दारूबंदीच्या कामात होता, आणि भट्ट्यांचा माग काढता काढता गोठ्यांपर्यंत पोहोचला होता. पुस्तक चांगले होते, पण गोठे चालूच राहिले.

मे 1858 मध्ये लेस्लीने आपले चित्रकार या गोठ्यांत पाठवले. त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच काढले : अंगावर फोड आलेल्या गाई, झडलेल्या शेपट्या, आणि स्वतःच्या पायावर उभी राहू न शकणारी एक गाय, जिला दोरांनी उचलून धरून तिचे दूध काढले जात होते. मग त्याची माणसे दुधाच्या गाड्यांच्या मागे गेली. गाडीवर पाटी गावाकडच्या शुद्ध दुधाची, आणि गाडी निघालेली भट्टीजवळच्या गोठ्यातून. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या घरी हे दूध जाते ते त्याने छापले. माझ्या मते त्याची खरी कामगिरी ही. आजार दूरच्या वस्तीत आहे असे समजणाऱ्या वाचकाला त्यात स्वतःच्या घराचा पत्ता सापडला.

डॉक्टर म्हणून ही चित्रे पाहताना दोन-तीन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात.

पहिली शेपटीची. शेपटी झडत होती ती निव्वळ चोथ्याने नव्हे. गाईंच्या फुफ्फुसांचा एक संसर्गजन्य आजार 1843 मध्ये जहाजावरून आणलेल्या गाईबरोबर ब्रुकलिनमध्ये शिरला होता. तो रोखण्यासाठी आजारी फुफ्फुसातला द्राव निरोगी गाईच्या शेपटीत टोचत. त्या जागी पू होई आणि कधी शेपटी गळून पडे. हा आजार माणसाला होत नाही. पण कोंदट गोठ्यात खेटून बांधलेल्या जनावरांमध्ये तो किती सहज पसरत असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. गाय रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या कोठीपोटातले जिवाणू धाग्यांचा चारा पचवण्यासाठी असतात. नुसता आंबट, पातळ चोथा दिला, वैरण दिलीच नाही, तर पोटातले आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि गाय खंगते. दूध मात्र काही काळ येत राहते. ते पातळ, निळसर दिसे, म्हणून विक्रेते त्यात खडू, पीठ, काकवी असे काहीबाही मिसळत.

तिसरी गोष्ट बाळाची. भांडी अस्वच्छ, थंडावा नाही, दूध उकळण्याची सर्वत्र सवय नाही. अशा दुधातून जुलाबाचे जंतू आणि गाईचा क्षयरोग बाळापर्यंत पोहोचत होते. क्षयाचा जंतू सापडायला अजून 24 वर्षे होती. म्हणजे दूध वाईट आहे एवढे लोकांना दिसत होते, कशामुळे ते सांगता येत नव्हते. या दुधाने वर्षाला 8,000 बालके मरतात, असा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत फिरत होता. तो अचूक मोजणीतून आलेला नाही, त्यामुळे मी त्यावर भर देणार नाही.

गवगवा झाल्यावर नगरपालिकेची समिती गोठे पाहायला गेली. समितीतले काही सभासद गोठेवाल्यांच्या बाजूचे होते. मायकेल टूमी या नगरसेवकाचे नाव त्यात ठळकपणे येते. दूध अपायकारक नाही, गोठ्यांना हवा आणि चुना लावला की पुरे, असा निष्कर्ष निघाला. लेस्लीने लगेच या मंडळींचे व्यंगचित्र छापले, रोगट गाईला पांढरा रंग फासताना. त्याच्यावर बदनामीचा खटला भरण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या डॉक्टरांनी स्वतंत्र तपास करून हे दूध मुलांना घातक असल्याचे सांगितले. तरी कायदा व्हायला 1862 उजाडले. त्यानंतरही कित्येक वर्षे असे दूध चोरून विकले जात होतेच.

लेस्लीने पुढे यादवी युद्धाची चित्रे छापून मोठे नाव कमावले आणि अनेक मासिके काढली. तो खर्चही मोकळ्या हाताने करी. 1873 च्या मंदीनंतर तो कर्जात बुडाला. 10 जानेवारी 1880 रोजी त्याचे निधन झाले. पत्नी मिरियमने कर्ज फेडून धंदा सावरला, इतकेच नव्हे तर कायदेशीररीत्या फ्रँक लेस्ली हे नावच धारण केले. मृत्यूनंतर आपली बहुतेक संपत्ती तिने स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला दिली.

आता आपल्याकडे पाहू. भट्टीचा चोथा हे काही विष नाही. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा आजही जगभर पशुखाद्यात वापरतात. त्यात प्रथिने भरपूर असतात. योग्य प्रमाणात, वैरणीबरोबर दिला तर तो चालतो. एक खबरदारी मात्र लागते. धान्यातला स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ मक्यात बुरशीचे विष असेल तर चोथ्यात त्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. अफ्लाटॉक्सिन हे त्यातले महत्त्वाचे. गाईने ते खाल्ले की त्याचे बदललेले रूप दुधात उतरते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 च्या पाहणीत दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यांतल्या 5.7 टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त आढळले. भेसळीच्या भीतीने रात्रीची झोप उडवणारे व्हिडिओ खूप फिरतात, पण त्या पाहणीतला दखल घेण्याजोगा भाग हा होता, आणि तो चाऱ्याशी जोडलेला आहे.

दूध उकळल्याने क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू मरतात. अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही. म्हणून सुटे दूध उकळाच, पण ते कुठून येते तिथे एकदा जाऊन या. पेंड आणि मका कोरड्या जागी ठेवतात का, काळी-हिरवी बुरशी दिसते का, हे पाहायला शिक्षण लागत नाही. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या, आणि एक वर्षापर्यंत गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून नको. आईचे दूध शक्य नसेल तर काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

घरी जनावरे असतील आणि आठवडे उलटूनही ताप जात नसेल, रात्री घाम येत असेल, कंबर-सांधे दुखत असतील, तर गोठ्यात काम करता किंवा कच्चे दूध पिता हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. ब्रुसेलोसिसची तपासणी वेगळी मागवावी लागते. आणि घरात उरलेली भाकरी गाईला घालण्याची आपली जुनी पद्धत आहे, ती जरूर पाळा. फक्त तिला बुरशी आली असेल तर उकिरड्यात टाका.