वुल्फ विश्नियाक

वुल्फ व्लादिमिर विश्नियाक (२२ एप्रिल १९२२ – १० डिसेंबर १९७३) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मंगळावरील मातीत सूक्ष्मजीव आहेत काय, हे तेथेच तपासू शकणारे ‘वुल्फ ट्रॅप’ हे छोटे स्वयंचलित उपकरण त्यांनी तयार केले. मंगळाशी साधर्म्य असलेल्या अंटार्क्टिकातील कोरड्या दऱ्यांमध्ये संशोधन करीत असताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला.

जन्म आणि शिक्षण

विश्नियाक यांचा जन्म बर्लिनमध्ये एका रशियन ज्यू कुटुंबात झाला. पूर्व युरोपातील ज्यू समाजाची महायुद्धापूर्वीची छायाचित्रे टिपणारे प्रसिद्ध छायाचित्रकार रोमन विश्नियाक हे त्यांचे वडील. रोमन हे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्यातही निष्णात होते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या सृष्टीची ओळख वुल्फ यांना घरातच झाली असे म्हणण्यास हरकत नाही. नाझी राजवटीमुळे कुटुंबाला युरोप सोडावा लागला आणि १९४० च्या अखेरीस ते न्यू यॉर्कला पोहोचले. वुल्फ यांनी ब्रुकलिन कॉलेजमधून पदवी घेतली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉर्नेलिस फान नील यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्य

फान नील यांच्या परंपरेत सूक्ष्मजीव आपली ऊर्जा कोणत्या रासायनिक मार्गाने मिळवतात, या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान होते. विश्नियाक यांनी प्रथम सेव्हेरो ओचोआ यांच्यासमवेत प्रकाशसंश्लेषणावर काम केले. त्यानंतर येल विद्यापीठात असताना ते गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या थायोबॅसिलस जीवाणूंकडे वळले. या जीवाणूंना सूर्यप्रकाश लागत नाही, तसेच इतर जीवांनी तयार केलेल्या सेंद्रिय अन्नाचीही गरज नसते. खडकातील गंधकयुक्त खनिजे आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांवर त्यांचा निर्वाह होऊ शकतो. या विषयावरील विश्नियाक व सँटर यांचा १९५७ चा शोधनिबंध मूलभूत मानला जातो. त्यात दिलेले सूक्ष्म मूलद्रव्यांचे द्रावण आजही प्रयोगशाळांत जीवाणू वाढविण्यासाठी वापरले जाते. १९६१ मध्ये ते रॉचेस्टर विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले.

वुल्फ ट्रॅप

परग्रहावर सूक्ष्मजीव शोधणारे यंत्र तयार करण्यासाठी नासाने १९५९ मध्ये विश्नियाक यांना ४,४८५ डॉलरचे अनुदान दिले. जीवशास्त्रासाठी नासाने दिलेले हे पहिले अनुदान होय. त्यांच्या पहिल्या नावावरून उपकरणाला ‘वुल्फ ट्रॅप’ म्हणजे लांडग्याचा सापळा असे गमतीचे नाव पडले आणि तेच रूढ झाले.

उपकरणाचे तत्त्व साधे होते. मातीचा लहानसा नमुना निर्जंतुक पोषक द्रावणात मिसळायचा आणि वाट पाहायची. मातीत जीवाणू असतील तर ते वाढतील, द्रावण गढूळ होईल आणि त्यातून जाणारा प्रकाश विखुरला जाईल. त्याचबरोबर द्रावणाचा सामूही बदलेल. हे दोन्ही बदल मोजून पृथ्वीकडे कळवता येत होते. जीवाणू पुनरुत्पादन करीत असल्याने हा गढूळपणा वेळेनुसार वाढत जावा, अशी अपेक्षा होती.

या तत्त्वामागे एक मोठे गृहीतक होते, ते म्हणजे मंगळावरील जीव पाण्यात वाढतील. व्हायकिंग मोहिमेतील सहकारी नॉर्मन होरोविट्झ यांचा आक्षेप नेमका यावरच होता. मंगळासारख्या कोरड्या ग्रहावरील जीवाला भरपूर पाण्यात टाकणे म्हणजे त्याला बुडवणेच, असे त्यांचे मत होते. हा आक्षेप वजनदार होता, यात शंका नाही.

१९६९ मध्ये व्हायकिंगच्या चार जैविक प्रयोगांत वुल्फ ट्रॅपची निवड झाली. हे चारही प्रयोग सुमारे एक घनफुटाच्या पेटीत बसवायचे होते. खर्च आणि तांत्रिक गुंतागुंत हाताबाहेर जाऊ लागल्यावर १९७२ मध्ये एक प्रयोग वगळण्याचे ठरले आणि तो विश्नियाक यांचा निघाला. बारा वर्षांहून अधिक काळची मेहनत अशा रीतीने पृथ्वीवरच राहिली, तरी ते व्हायकिंगच्या जीवशास्त्र गटात सदस्य म्हणून काम करीत राहिले.

अंटार्क्टिकातील संशोधन

अंटार्क्टिकातील व्हिक्टोरिया लँड भागात बर्फविरहित, अतिथंड आणि अत्यंत शुष्क दऱ्या आहेत. पृथ्वीवरील मंगळसदृश प्रदेशांत त्यांची गणना होते. होरोविट्झ, कॅमरॉन व हबर्ड यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले की, या दऱ्यांतील काही नमुन्यांत वाढविता येण्याजोगे सूक्ष्मजीव आढळत नाहीत. याचे परिणाम दूरगामी होते. पृथ्वीवरील जीव तेथेही तग धरत नसतील, तर मंगळावर जीवन सापडण्याची आशा क्षीण होते आणि यानाच्या कडक निर्जंतुकीकरणाची निकडही कमी होते.

विश्नियाक यांना हा निष्कर्ष पटला नाही. प्रयोगशाळेतील पद्धती या मातीतील जीवांना मानवत नसाव्यात, असे त्यांना वाटे. म्हणून नमुने बाहेर नेण्याऐवजी त्यांनी निर्जंतुक काचपट्ट्या व पोषक द्रव्ये असलेली लहान केंद्रे थेट मातीतच पुरली. सुमारे महिन्याने ती काढून पाहिली असता सूक्ष्मजीवांची वाढ आढळली.

मृत्यू

८ नोव्हेंबर १९७३ रोजी विश्नियाक एका भूशास्त्रज्ञ सहकाऱ्यासह मॅकमर्डो तळावरून हेलिकॉप्टरने असगार्ड पर्वतरांगेतील माउंट बाल्डर परिसरात गेले. १० डिसेंबरला ते पुरलेली केंद्रे गोळा करण्यासाठी एकटेच निघाले. अठरा तासांनंतर एका हिमकड्याच्या पायथ्याशी त्यांचा मृतदेह सापडला. बर्फावरून घसरून ते सुमारे १५० मीटर खाली कोसळले असावेत. त्यांच्या वहीतील शेवटच्या नोंदीत एक केंद्र परत मिळाल्याचे तसेच माती व हवेचे तापमान नोंदलेले आहे. मातीचे तापमान उणे १० अंश सेल्सिअस होते. मृत्युसमयी ते ५१ वर्षांचे होते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन हे त्यांचे मित्र होते. त्यांनी ‘कॉसमॉस’ या पुस्तकात ही हकीकत विस्ताराने सांगितली आहे.

नंतरचे संशोधन

विश्नियाक यांच्या पत्नी हेलन सिम्प्सन विश्नियाक यादेखील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. पतीने जमा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास त्यांनी पुढे चालू ठेवला. कोरड्या दऱ्यांतील मातीतून मिळालेल्या किण्वाच्या एका नव्या जातीला १९७९ मध्ये क्रिप्टोकॉकस विश्नियासी असे नाव देण्यात आले. त्याच मोहिमेतून आलेले खडक इम्रे फ्रीडमन यांनी तपासले. वरून निर्जीव दिसणाऱ्या खडकांच्या आत, पृष्ठभागापासून अवघ्या एक-दोन मिलिमीटरवर, प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्मजीव राहत होते. तथापि होरोविट्झ यांची बाजू सर्वस्वी चुकीची ठरली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युनिव्हर्सिटी व्हॅली या उंचावरील दरीच्या कायम गोठलेल्या जमिनीत सक्रिय सूक्ष्मजीवांचा मागमूस जवळजवळ लागला नाही.

१९७६ मध्ये दोन्ही व्हायकिंग याने वुल्फ ट्रॅपविना मंगळावर उतरली. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात किरणोत्सारी वायू बाहेर पडला, परंतु दुसऱ्या उपकरणाला मातीत मंगळाचे म्हणता येतील असे सेंद्रिय पदार्थ मिळाले नाहीत. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञांनी ही अभिक्रिया जैविक नसून रासायनिक असल्याचे मानले. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट सापडले. नमुना तापवताना हे क्षार सेंद्रिय पदार्थ नष्ट करू शकतात, त्यामुळे जुन्या निष्कर्षांची फेरतपासणी सुरू झाली.

पुढील मोहिमांनी थेट जीव शोधण्याऐवजी ग्रह कधी जीवनास अनुकूल होता काय, हा प्रश्न आधी घेतला. क्युरिऑसिटी या रोव्हरने २०१३ मध्ये गेल विवरातील यलोनाइफ बे येथे खडकाला छिद्र पाडून भुकटी तपासली. त्यात चिकणमातीची खनिजे तसेच सल्फेट व सल्फाइड अशा दोन्ही रूपांतील गंधक आढळले. तेथे एके काळी फारसे खारट वा आम्लधर्मी नसलेले पाणी होते, असा निष्कर्ष निघाला. अशा परिस्थितीत खनिजांवर जगणारे सूक्ष्मजीव तग धरू शकले असते, असे संशोधकांनी मांडले. विश्नियाक यांनी येलमध्ये अभ्यासलेले गंधकजीवी जीवाणू याच वर्गात मोडतात.

मंगळाच्या दक्षिण गोलार्धातील एका विवराला विश्नियाक यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे पुत्र इथन विश्नियाक हे खगोलभौतिकशास्त्रज्ञ आहेत.