बेटकुळीच्या आत

लहानपणी आम्ही दंडात बेटकुळी काढून दाखवीत असू. तिच्या आत काय असते, हे आंद्रेआस वेसालियसने जगाला दाखविले. १५१४ साली ब्रसेल्सला जन्मलेला हा वैद्य १५३७ पासून पादुआ विद्यापीठात शिकवू लागला. तेराशे वर्षे सारे गॅलेनची पोथी प्रमाण मानीत. पण गॅलेनने चिरली होती ती माकडे व इतर जनावरे! वेसालियसने सुरी स्वतःच्या हाती घेऊन मानवी प्रेते तपासली. १५४३ च्या त्याच्या ग्रंथात पानागणिक स्नायूंचा एकेक थर उतरत जातो. शेवटी हाडांवरून लोंबणारे स्नायूच उरतात. १५६४ साली जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना झाकिन्थोस बेटावर तो वारला. आयत्या नोट्स उतरविताना मला आता त्याची सुरी आठवते आणि माझा हात थांबतो.