रेनकोटवाला मॅकिंटॉश: डांबराच्या घाणीतून वॉटरप्रूफ कापड काढणारा केमिस्ट

मॅकिंटॉश म्हटलं की आधी ॲपलचा कॉम्प्युटर आठवतो, साहजिकच आहे. १९८४ मध्ये आलेल्या त्या मशीनला हे नाव मिळालं ते सफरचंदाच्या एका जातीवरून. जेफ रस्किन या ॲपलच्या माणसाला ती जात फार आवडायची. पण त्या स्पेलिंगची एक ऑडिओ कंपनी अमेरिकेत आधीपासून होती, म्हणून स्पेलिंग थोडं बदललं. आणि गंमत बघा, बदलून जे झालं ते अगदी अक्षरशः एका स्कॉटिश केमिस्टचं आडनाव निघालं. त्याचा कॉम्प्युटरशी काडीचाही संबंध नाही. मात्र तुमच्या अंगावरच्या रेनकोटशी आहे, पाठीवरच्या वॉटरप्रूफ बॅगशी आहे आणि थोडा लांबून का होईना, खिशातल्या फोनशीही आहे.

चार्ल्स मॅकिंटॉश. जन्म २९ डिसेंबर १७६६, ग्लासगो. ब्रिटनमध्ये रेनकोटला आजही सर्रास 'मॅक' म्हणतात, ते याच्याच नावावरून. फक्त कोटाच्या स्पेलिंगमध्ये मध्येच एक जादाचा 'के' घुसला आणि तिथेच राहिला.

वडील जॉर्ज मॅकिंटॉश यांचा रंगाचा कारखाना होता. कडबेअर नावाचा जांभळट रंग तिथे तयार व्हायचा, तोही लायकेनपासून. लायकेन म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. त्यातून रंग काढायला अमोनिया लागतो. अठराव्या शतकात अमोनिया आणायचा कुठून? तर शहरातल्या घराघरांतून गोळा केलेल्या लघवीतून. होय, खरंच. आणि हे सगळं चालायचं उंच भिंतीच्या आत. कामाला डोंगराळ भागातली गेलिक बोलणारी माणसं ठेवलेली, म्हणजे बाहेर जाऊन कुणाला फॉर्म्युला सांगायचा म्हटलं तरी भाषेची अडचण. आजच्या कंपन्या कामगारांकडून गोपनीयतेच्या करारावर सह्या घेतात, जॉर्जरावांनी सरळ भिंत बांधली.

चार्ल्सला आधी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनीला बसवलं होतं. त्याचं मन तिथे रमेना. एडिनबरोला जोसेफ ब्लॅक यांची रसायनशास्त्राची व्याख्यानं त्याने ऐकली (कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखणारे ते हेच ब्लॅक) आणि विशी पूर्ण व्हायच्या आत स्वतःचा रसायनांचा धंदा सुरू केला. १७९७ मध्ये ग्लासगोजवळ हर्लेट इथे त्याने स्कॉटलंडमधला पहिला तुरटीचा कारखाना काढला. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागते. कच्चा माल कुठला, तर जुन्या कोळसा खाणीत पडून राहिलेला निरुपयोगी दगड. ही त्याची सवय लक्षात ठेवा. दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूत हात घालायची सवय त्याला आयुष्यभर होती.

दोन वर्षांनी, १७९९ मध्ये, एक मोठी गोष्ट झाली. तेव्हा कापड पांढरं करायचं म्हणजे ते आठवडेच्या आठवडे माळावर उन्हात पसरून ठेवायचं. क्लोरीन वायूने हे काम झटपट होतं हे कळलं होतं, पण विषारी वायू कापडाच्या कारखान्यापर्यंत न्यायचा कसा? मॅकिंटॉश तेव्हा चार्ल्स टेनंटबरोबर भागीदारीत होता. विरी गेलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन सोडला की चुना तो शोषून घेतो आणि पोत्यात भरून नेता येईल अशी पावडर तयार होते. ही ब्लीचिंग पावडर. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती हीच. कोरड्या पावडरची कल्पना बऱ्याच अंशी मॅकिंटॉशची मानली जाते, पण पेटंट निघालं टेनंटच्या नावावर आणि पुढे त्यावर उभा राहिलेला अवाढव्य कारखानाही टेनंटचाच. म्हणजे श्रेय दुसऱ्याकडे जाणं काय असतं, हे मॅकिंटॉशला तिशीतच कळलं होतं. पुढे उलटं घडलं, ते बघूच.

आता मुख्य गोष्ट.

ग्लासगोत १८१८ च्या सुमारास रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. हा गॅस कोळशापासून काढायचे. बंद भांड्यात कोळसा तापवला की गॅस सुटतो, आणि मागे उरतं काळंकुट्ट डांबर आणि उग्र वासाचं अमोनियाचं पाणी. गॅस कंपनीला ही घाण टाकायची कुठे हा प्रश्न. १८१९ मध्ये मॅकिंटॉशने कंपनीशी करार केला की ही घाण मी घेतो. त्याला हवा होता वडिलांच्या रंगाच्या कारखान्यासाठी अमोनिया. घरोघरची लघवी गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अमोनिया निघाला, तरी डांबर उरलंच. ते तापवून वाफ थंड केली की एक पातळ, पटकन उडून जाणारं तेल मिळतं, नाफ्था. आणि नाफ्थ्यात रबर विरघळतं.

हे वाक्य आज साधं वाटतं, पण तेव्हा रबर हा मोठा वैताग होता. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी झाडाचा ताजा चीक वापरून पाणी न शिरणारी पादत्राणं आणि कापड कधीपासून करत होते. आपल्या बाजूलाही ही युक्ती माहीत होती. १८१० मध्ये सिल्हेटहून वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे मधाने भरलेली वेताची टोपली आली. टोपलीतून मध गळत कसा नाही? तर तिला आतून एका झाडाचा चीक फासला होता. ते झाड म्हणजे भारतीय रबराचं झाड, ज्याची छोटी कुंडी आज ऑफिसच्या रिसेप्शनला असते. मुद्दा असा की चीक ताजा असेल तर काम सोपं. युरोपात पोहोचेपर्यंत मात्र त्याचा घट्ट गोळा झालेला असायचा. तो परत पातळ करायला टर्पेंटाइन वापरलं तर कोटिंग लवकर वाळेना, चिकटच राही. इथर वापरलं तर खर्च परवडेना. नाफ्था स्वस्त होता आणि उडूनही जायचा.

पण नाफ्थ्यात रबर विरघळतं हे पहिल्यांदा छापून सांगितलं ते मॅकिंटॉशने नाही. एडिनबरोच्या जेम्स साइम या मेडिकलच्या पोराने. वय जेमतेम १८-१९. १८१८ मध्ये त्याचा लेख एका शास्त्रीय मासिकात आला. डॉक्टर व्हायचं ठरलेलं असल्यामुळे त्याने पेटंटच्या भानगडीत पडायचं टाळलं. पुढे तो नामांकित सर्जन झाला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ लिस्टरचा सासराही.

मग मॅकिंटॉशने केलं काय? माझ्या मते खरी अक्कल पुढच्या पायरीत होती. रबराचा लेप दिलेलं कापड वाळल्यावरही चिकट राहायचं. अंगात घाला, अंगाला चिकटणार. घडी करा, घडी उलगडणार नाही. मॅकिंटॉशने चिकटपणा घालवायचा नाद सोडला आणि तोच कामाला लावला. दोन कापडं घ्या, दोन्हींच्या एका बाजूला रबराचं द्रावण फासा, आणि लेपाच्या बाजू समोरासमोर आणून रोलरखाली दाबा. रबर मध्ये, कापड दोन्ही बाहेर. हाताला लागतं नेहमीचं कापड, पाणी अडतं मधल्या थरात. थेट सँडविच! १७ जून १८२३ ला याचं पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही. साइमचं श्रेय साइमला द्यायलाच हवं, पण द्रावण शोधणं आणि त्यातून दुकानात विकता येईल असं कापड काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

कारखाना मँचेस्टरला उभा राहिला, बर्ली या कापडवाल्या कुटुंबाबरोबर. पहिलं दणदणीत गिऱ्हाईक होतं जॉन फ्रँकलिनची आर्क्टिक मोहीम. १८२५ मध्ये निघालेल्या या मोहिमेत खाण्यापिण्याचं सामान ८५-८५ पौंडांच्या गठ्ठ्यांत बांधलं होतं आणि प्रत्येक गठ्ठ्यावर वॉटरप्रूफ कॅनव्हासचे तीन थर होते. शिवाय 'वॉलनट शेल' नावाची एक घडीची होडी: लाकडाचा हलका सांगाडा आणि त्यावर मॅकिंटॉशचं कापड. आज ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं पॅकिंग फोडताना आपण वैतागतो, पण तिथे एक गठ्ठा भिजला तर माणसं उपाशी राहिली असती.

शहरातल्या गिऱ्हाइकांकडून मात्र शिव्या मिळाल्या. थंडीत कोट पुठ्ठ्यासारखा ताठ. उन्हात रबर पाघळून चिकट. वास तर असा की माणूस येण्याआधी कोट आल्याचं कळायचं. लोकरीच्या कापडात नैसर्गिक तेल असतं, ते रबराला खायचं. आत घाम साचायचा तो वेगळाच. वर शिंपी लोकांनी घोळ केला. कोट शिवायचा म्हणजे सुई टोचणार, आणि प्रत्येक टाक्यातून पाणी आत येणार. वॉटरप्रूफ कोटातून भिजलेलं गिऱ्हाईक शिव्या शिंप्याला नाही, मॅकिंटॉशला द्यायचं. शेवटी कंपनीने कोट स्वतःच तयार करायला घेतले आणि शिवणींवरही रबर लावायला सुरुवात केली. तुमच्या चांगल्या रेनकोटची शिवण आतून उलटी करून बघा. तिथे एक पट्टी चिकटवलेली असते, ती याच दुखण्यावरचा इलाज.

या काळात मदतीला आला टॉमस हँकॉक. लंडनचा हा माणूस कोच बांधणाऱ्या धंद्यातून रबराकडे वळला होता. रबराचे तुकडे दातांच्या रोलरमध्ये फाडून मऊ गोळा करणारं मशीन त्याने बनवलं आणि खरं नाव कळू नये म्हणून त्याला 'लोणचं' असं काहीतरी नाव ठेवलं. चघळून मऊ केलेलं रबर नाफ्थ्यात जास्त चांगलं विरघळतं, त्यामुळे मॅकिंटॉशचं कापड सुधारलं. हँकॉकने १८२५ मध्ये लायसन्स घेतलं आणि काही वर्षांत तो भागीदारच झाला.

धंदा वाढला तशा नकला वाढल्या. १८३६ मध्ये मॅकिंटॉशने लंडनच्या एका कापड दुकानदार कंपनीला कोर्टात खेचलं. समोरच्यांचं म्हणणं होतं की यात नवीन काही नाही, सगळं आधी छापून आलेलं आहे. निकाल मॅकिंटॉशच्या बाजूने लागला. बघा, ब्लीचिंग पावडरच्या वेळी कल्पना याची आणि कागद दुसऱ्याचा होता. या वेळी कागद याच्या हातात होता, आणि कोर्टात वजन कागदाला मिळालं.

त्याच सुमारास रेल्वे आली. पूर्वी घोडागाडीच्या टपावर पावसात बसून तासन्‌तास प्रवास करणारे लोक आता छताखाली बसू लागले आणि कोटाची मागणी घसरली. मॅकिंटॉश नुसता रबरावर अवलंबून नव्हता म्हणून तरला. जेम्स नीलसनच्या लोखंडाच्या भट्टीत गरम हवा सोडायच्या शोधातही तो भागीदार होता. ते पेटंट जबरदस्त चाललं आणि त्याचे खटलेही १८४३ पर्यंत चालले.

मूळ आजार मात्र तसाच राहिला. कच्चं रबर म्हणजे ताटातल्या लांबलचक शेवया समजा. गरम झाल्या की एकमेकींवरून घसरतात, म्हणून रबर पाघळतं. थंड झाल्या की आखडतात, म्हणून ते ताठ होतं. शेवयांना जागोजागी एकमेकींशी गाठ मारली तर? गंधक घालून रबर तापवलं की नेमकं हेच होतं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला हे सापडलं होतं. त्याच्या रबराचे तुकडे १८४२ मध्ये हँकॉकच्या हाती आले. हँकॉक कामाला लागला आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयरचं अमेरिकन पेटंट निघालं जून १८४४ मध्ये, आणि ब्रिटनचा हक्क त्याच्या हातून गेला तो गेलाच.

ज्या दोषासाठी वीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली तो कायमचा गेला, आणि तेही स्वतःच्याच भागीदाराच्या हातून. पण मॅकिंटॉश ते बघायला नव्हता. २५ जुलै १८४३ ला, अर्जाच्या चार महिने आधी, ग्लासगोजवळच्या घरी तो वारला.

आता फोनचं बघा. सिमचा ट्रे बाहेर काढा. आयपी६७ किंवा आयपी६८ रेटिंगचा फोन असेल तर ट्रेच्या तोंडाशी रबरासारखी बारीक रिंग दिसेल. ती बहुतेक सिलिकॉनची असते, झाडाच्या चिकाची नाही. पण तत्त्व तेच: दोन कडक भागांच्या मध्ये दाबून बसवलेला लवचीक थर. आणि ती उन्हाळ्यात पाघळत नाही याचं कारणही तेच, आतल्या साखळ्यांना मारलेल्या गाठी. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही नव्या फोनला आणि साध्या पाण्यात. रिंग आणि आतला गोंद जुना होतो, फोन पडला की फटी पडतात. त्यामुळे दोन-तीन वर्षं वापरलेला फोन घेऊन धबधब्याखाली उभं राहण्याआधी विचार करा. कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा धरत नाहीत.

मँचेस्टरचा कारखाना पुढे डनलप कंपनीकडे गेला, आणि बऱ्याच वर्षांनी तोही थांबला. त्या जागी आज फ्लॅट आहेत. वसाहतीचं नाव मॅकिंटॉश व्हिलेज, आणि शहर असं की पावसासाठी इंग्लंडभर बदनाम.